पिशोरच्या दगडाची उलटतपासणी

देव आहे की नाही, हा वाद रावसाहेब आणि मी औरंगपुऱ्यातील चहाच्या दुकानात वर्षानुवर्षे घालत आलो आहोत. ते वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पक्के देवभोळे. मी निवृत्त वकील. वाजवी संशयापलीकडे जे सिद्ध होत नाही, ते मी मानत नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांचा गुडघा इतका झिजला, की दुकानाच्या पायऱ्या चढवेनात. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आणि रावसाहेब अडून बसले. "आमच्या पिशोरच्या देवीचा कौल आल्याबिगर मी टेबलावर चढणार नाय."

"भाऊजी, तुम्हीबी चला," शकुंतलावहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "कसंबी करून व्हय म्हणवा. आता ह्यांचं रातचं कण्हणं ऐकवत नाय."

मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडची एस.टी. सकाळीच धरावी. पंचाहत्तरी ओलांडली असल्यास आधार कार्ड जवळ ठेवावे. तिकीट शून्य रुपयांचे मिळते आणि मन उगाचच तरुण होते. खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसतो, पुढे वेरूळ मागे पडते. कन्नडला गाडी बदलण्यापूर्वी स्थानकाबाहेरची ओव्याची भजी अवश्य खावीत. पिशोरचा रस्ता बरा आहे. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला मात्र पुढचे आसन द्यावे.

देऊळ गावाबाहेर, शाळूच्या शेताला लागून आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा बांधावर आमच्यासाठी हुरडा भाजणे सुरू होते. (फलकावर 'मंदिर' शुद्ध लिहिलेले पाहून मला बरे वाटले.) देवीसमोर सपाट फरशीवर एक गोल, गुळगुळीत दगड आहे. त्यावर तळवे टेकून प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार. ज्याचा प्रश्न असेल त्याने हात लावायचा नाही. त्रयस्थाचेच हात लागतात.

"वकीलसाहेब, बसा," रावसाहेब म्हणाले. "तुमचा इस्वास नाय, म्हंजी लबाडीबी नाय."

मी बसलो. "गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी काय?" असे त्यांनी खणखणीत आवाजात विचारले. दगड माझ्या तळव्यांखाली सावकाश उजवीकडे वळला. मी जाणूनबुजून जोर लावला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

वहिनींनी हात जोडले. रावसाहेबांनी मात्र डोळे बारीक केले.

"तुमाला काय पायजे व्हतं?"

"तुम्ही शस्त्रक्रिया करावी, हेच."

"मग साक्षीदाराचाच मतलब हाय की. तुमीच शिकवलं, असली साक्ष टिकत नाय."

आयुष्यभर ज्या युक्तिवादाने मी त्यांना छळले, तो त्यांनी माझ्यावरच उलटवला होता. आणि मी, पक्का नास्तिक, देवीसमोर उकिडवा बसून दगड आपणहून फिरला असे पटवू लागलो. वहिनी पदराआड हसत होत्या.

"परत हात ठेवा. आता मनात इचारतो."

दगड डावीकडे सरकला.

"काय विचारलेत?"

"इचारलं, वकीलसाहेबानं मघाशी दगड फिरवला का? देवी नाय म्हणती. चला, करू ऑपरेशन."

दगडाची साक्ष खरी आहे, हे त्याच दगडाने सांगायचे! ही हरकत माझ्या जिभेवर आली होती. एवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हुरडा निवतोय." मी तोंड मिटले.

बांधावर भाजलेला तो हुरडा, लसणाची चटणी आणि गोड दही यांसाठी तरी थंडीत पिशोरला जावे. एखाद्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी निरोप द्यावा म्हणजे झाले.

परत आल्यावर शस्त्रक्रिया झाली. परवा रावसाहेब औरंगपुऱ्यातील त्या पायऱ्या काठीविना चढून आले, चहा मागवला आणि म्हणाले, "काय वो, दगडाची साक्ष दगडानंच खरी करायची, हे तुमच्या कोर्टात चालतं का?"

मी थक्क झालो. "हे तुम्हांला तेव्हाच कळले होते? मग तयार कसे झालात?"

"तुमी गप बसले म्हणून. हयातीत कंदी माझी एक चूक सोडली नाय तुमी. म्हटलं, हा माणूस हरकत घेईना, म्हंजी माझ्या गुडघ्याची ह्याला लईच काळजी लागली."

देवीच्या बाबतीत माझा संशय आजही कायम आहे. पण रावसाहेबांनी मांडलेल्या या पुराव्यावर मला एकही हरकत सुचली नाही. चहाचे पैसे मी दिले.