तीनशे नरसाळी आणि एक अबोला

नरसाळी बनवणाऱ्या माणसाचा चेहरा हळूहळू नरसाळ्यासारखा होतो, असं गल्लीत म्हणत. अण्णांच्या बाबतीत ते खरंच होतं. वर रुंद कपाळ, खाली निमुळती हनुवटी. "आणि वरून काहीही ओता, खालून निघून जातं," असं वहिनी म्हणत. वहिनी म्हणजे अण्णांची बायको. अख्खी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची.

धंदा आजोबांचा. मुळात ते पत्र्याचे दिवे करायचे. रॉकेल नव्यानं डब्यांतून मिळू लागलं होतं आणि जो तो दिवे करत होता, म्हणून ज्याचे त्याचे दिवे पडून होते. आजोबांनी एवढंच पाहिलं, की लोक रॉकेल दिव्यात कमी आणि पायावर जास्त ओततात. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवे सोडले आणि नरसाळी धरली. वडिलांच्या काळात महायुद्धामुळे पत्रा मिळेना, तेव्हा त्यांनी बिस्किटांचे जुने डबे कापले; त्यामुळे कित्येक घरांत तेल डब्यावरच्या हसऱ्या मडमेच्या नाकातून ओतलं जायचं. पुढे त्यांनी पायानं चालणाऱ्या यंत्रासाठी सरकारकडे परवाना मागितला. सात वर्षांनी उत्तर आलं : "नरसाळे म्हणजे नेमके काय, याचा खुलासा तीन प्रतींत करावा." वडिलांनी तीन नरसाळी पाठवून दिली.

आजोबांचा एक नियम मात्र तीन पिढ्या टिकला. सांध्याला वितळवलेल्या कथलाचा डाख नीट बसलाय का, हे पाण्यानं तपासायचं नाही, पत्रा गंजतो. आवाजानं तपासायचं. अंगणाच्या या टोकाला अण्णा नरसाळं तोंडाला लावून ओरडत, "ऐकू येतंय का?" त्या टोकाला ओसरीवरून वहिनी "येतंय!" म्हणाल्या की नरसाळं पास. सांध्यात फट असली की आवाज किंचित फाटायचा, मग वहिनी म्हणत, "फाटकं!" आणि ते पुन्हा भट्टीवर जाई. तीस वर्षं हे चाललं होतं. त्यांच्या लग्नातलं निम्मं बोलणं पत्र्यातूनच झालं होतं.

त्या दिवशी मेणबत्तीच्या कारखान्याला तीनशे नरसाळी जायची होती. मोठं गिऱ्हाईक तेवढं एकच उरलं होतं आणि त्यानं फोनवर बजावलं होतं, "टेम्पो चारला येईल. माल तयार नसला तर आम्ही दुसरीकडून घेणार. आणि एकदा दुसरीकडे गेलो की गेलो हं, अण्णा."

सकाळी दहाला अण्णांनी पहिलं नरसाळं उचललं. "ऐकू येतंय का?"

काही नाही.

"अगं, ऐकू येतंय का?"

वहिनी ओसरीवर चष्मा लावून एक कागद वाचत बसल्या होत्या. व्यापारी मंडळाची स्मरणिका निघणार होती, जुन्या धंद्यांना एकेक पान होतं, आणि अण्णांनी लिहून दिलेल्या पानाचं प्रूफ समोरच्या छापखान्यातून आलं होतं.

"'प्लास्टिकचे संकट कोसळले असता,'" वहिनी अण्णांचाच भाषणातला आवाज काढून वाचू लागल्या, "'विद्यमान चालकांनी दूरदृष्टीने गरम पदार्थ ओतणाऱ्या उद्योगांचा शोध लावला.' अस्सं? विद्यमान चालक तेव्हा डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते. 'संपलं गं सगळं, आता कसं गं' करत! मेणबत्तीवाल्याच्या दारात पत्र्याचं आणि प्लास्टिकचं, दोन्ही नरसाळी घेऊन कोण गेलं? उकळतं मेण कोणी ओतलं? त्याच्या टेबलावर प्लास्टिकच्या नरसाळ्यानं वितळून बसकण मारली ती कोणासमोर?"

"ते... जागा कमी होती गं पानावर."

"मग आता विद्यमान चालकांनी स्वतःच ओरडावं आणि स्वतःच ऐकावं."

अण्णांनी तेही केलं. ओरडायचे आणि धावत ओसरीपाशी जायचे. आवाज त्यांच्या आधी पोचून गेलेला असायचा. मग शेजारच्या कुलूपवाल्याला बसवलं. तो प्रत्येकाला "येतंय!" म्हणे. अण्णांनी नरसाळं खाली ठेवून नुसतेच ओठ हलवले.

"येतंय!" कुलूपवाला म्हणाला.

मुलीनं दहा नरसाळी ऐकली. "बाबा, मला सगळी सारखीच वाटतात. सॉरी म्हणा ना आईला."

"माझं काय चुकलं?"

"यादी करू?"

न तपासता पाठवावीत, असंही अण्णांच्या मनात येऊन गेलं. पण फटीतून उकळतं मेण कोणाच्या तरी हातावर गळेल, हे डोळ्यांसमोर आलं आणि ते पुन्हा नरसाळ्यांच्या ढिगासमोर जाऊन बसले.

एक वाजला. अण्णांनी नरसाळं तोंडाला लावलं, डोळे मिटले. "प्लास्टिकचं संकट कोसळलं असता... विद्यमान चालक 'आता कसं गं, कसं गं' करत पांघरूण घेऊन पडले!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या.

"येतंय!" ओसरीवरून आलं. "पुढचं घ्या."

"मेणबत्तीवाल्याकडे मी गेलो नाही, ही गेली!"

"येतंय!"

"मी म्हटलं होतं, जाऊ नकोस, हसतील!"

"फाटकं! नाही, सांधा फाटका आहे, वाक्य बरोबर आहे. वाक्य दुसऱ्यातून घ्या."

छापखानेवाला खिडकीत येऊन भराभर लिहून घेऊ लागला. "अण्णा, 'कसं गं' एकदा घेऊ की दोनदा?" नापास झालेली नरसाळी मुलगी भट्टीवर डाखून परत ढिगात टाकत होती. साठाव्या नरसाळ्याला धंद्याचा इतिहास संपला. मग अण्णा हाताला येईल ते कबूल करू लागले. भट्टीचं छप्पर कोणाच्या हट्टानं उडालं, मेव्हण्याच्या लग्नात कोण रुसलं होतं, वहिनींची आवडती कात्री कोणी हरवली आणि मांजरावर ढकलली. टेम्पोवाला साडेतीनलाच आला, पण माल चढवायचं सोडून पायरीवर बसला. "कात्रीवालं पुन्हा एकदा होऊ द्या ना काका."

दोनशे ऐंशीव्याला अण्णांचा घसा बसला. आता चांगल्या नरसाळ्यातूनही खरखर येऊ लागली. चारला दहा मिनिटं, आणि वीस नरसाळी बाकी.

वहिनी उठल्या, पदर खोचला, अंगण ओलांडून आल्या. "सरका. मी ओरडते. तुम्ही ऐका."

"मला कुठे ऐकता येतं गं?" अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तेच तर मी तीस वर्षं म्हणतेय. जा, बसा तिकडे."

अण्णा ओसरीवर बसले. पहिलं नरसाळं आलं, "ऐकू येतंय का?" आणि अण्णा चकित झाले. आवाज खरंच गोल येत होता, विहिरीतून आल्यासारखा. "येतंय!" त्यांनी हात हलवला. दुसरं, पाचवं, बारावं. टेम्पोवाला गाडी चालू करून बसला. वहिनींनी शेवटचं नरसाळं उचललं आणि हसत ओरडल्या, "झालं गेलं सोडून दिलं हं!"

अण्णांनी मान वाकडी केली. 'दिलं'च्या शेपटाला काहीतरी चरचरलं होतं. आता खरं बोलावं, तर इतक्या कष्टानं मिटलेला अबोला पुन्हा सुरू. कुलूपवाला कानाशी कुजबुजला, "म्हणून टाका हो येतंय. मी तर म्हणालोच असतो."

"फाटकं," अण्णा म्हणाले.

वहिनींचं हसू थांबलं. त्यांनी नरसाळं उन्हाकडे धरून आत डोळा लावला. सांध्यातून केसाएवढा उजेड येत होता. त्यांनी एकदा नरसाळ्याकडे, एकदा अण्णांकडे पाहिलं.

"काका, चार वाजले. दोनशे नव्व्याण्णव नेऊ?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"न्या," वहिनी म्हणाल्या. "त्यांना सांगा, एक उद्या येईल. आमच्या ह्यांनी नापास केलंय."