दसऱ्याला पुजलेली कुऱ्हाड

अभिमनला खुनात जन्मठेप लागली तेव्हा नातेवाईक त्याच्या बहिणीचा, सुनिताचा फोनसुद्धा उचलेनात. ती नववीत होती. शाळा सोडली, धरणगावच्या घराला कुलूप घातलं, भावजय आणि तिच्या तान्ह्या पोरीसह जळगावला मेहरूणमध्ये खोली केली आणि डाळमिलीत निवडायला लागली. महिन्यातून एकदा तुरुंगात भावाची भेट, बाकी सुट्ट्या वकिलांच्या दारात. सहा वर्षं हेच.

खून शेजारच्या उखर्डूचा. कुऱ्हाड अभिमनची, बांधावर विसरलेली. पात्यावर उखर्डूचं रक्त. पण दांड्याला गुंडाळलेल्या चिंधीवरही रक्त होतं, आणि पकडला तेव्हा अभिमनच्या हाताला ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे ते मारणाऱ्याच्या कापलेल्या हाताचं असलं, तर मारणारा दुसराच. ते रक्त कोणाचं, हे कोणी तपासलंच नाही! सरकारनं दिलेल्या वकील दिपमाला मॅडमनी कागद चाळले आणि हे धरलं. हायकोर्टात अर्ज टाकला. दोन वर्षं तारखा झाल्या, मग हुकूम निघाला: चिंधीची डीएनए तपासणी करा.

सुनितानं डाळमिलीत पेढे वाटले.

ठाण्यात ठेवलेलं पुराव्याचं गाठोडं जळगावच्या कोर्टात उघडायचं होतं. भाईदास हवालदारानं ते टेबलावर ठेवलं, गाठ सोडली. कुऱ्हाड चकचकीत. पात्याला तेल, दांड्यावर हळदकुंकू, आणि चिंधी होती तिथं नवाकोरा लाल नाडा.

"चिंधी कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. जप्तीच्या मालखान्यातले कोयते, कुऱ्हाडी पण धुऊन मांडले. देवापुढं तसली घाण कशी ठेवणार?"

"टाकली कुठं पण?" सुनितानं विचारलं.

"जाळी टाकी ना ताई, बठ्ठा कचरासंगे."

जाळली! सुनितानं गाठोड्याचं फडकं उलटून बघितलं. वर सील होतं, चिठ्ठी होती, नंबर होता. तिच्यापेक्षा दुप्पट शिकलेली माणसं, आणि एकालाही ते वाचावंसं वाटलं नाही. तिच्या भावाचा जीव त्या चिंधीत होता, ह्यांना तेवढी घाण दिसली.

"नारळ फोडला का?" तिनं विचारलं.

"हां, मग! फोडला ना."

"प्रसाद खाल्ला?"

आता कुठं भाईदासच्या डोक्यात उजेड पडला. तो कुऱ्हाड परत फडक्यात गुंडाळायला लागला.

बाहेर व्हरांड्यात तो मागेमागे आला. "ताई, माझं नाव नका घालू कागदात. मोठ्या साहेबानं सांगितलं म्हणून केलं. श्रद्धेनं केलं हो. घरी लहान पोरं शेतस."

"माझ्या भावाची पोरगी पण लहानच आहे. वर्गात तिच्याशेजारी कोणी बसत नाही," सुनिता म्हणाली. मग मॅडमकडं वळली. "लिहा मॅडम. साहेबाचं पहिलं, याचं दुसरं. कुंकू लावणारा, आग लावणारा, बठ्ठे लिहा. एक सोडू नका."

मॅडम लिहीत होत्या तोवर ती शेजारी उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

पुढच्या महिन्यात हायकोर्टानं त्या सगळ्यांना नोटीस काढली, पुरावा का जाळला ते सांगा म्हणून. सुनिता तुरुंगात भेटीला गेली. काचेपलीकडं अभिमन आधीच येऊन बसलेला, दाढी करून. त्यानं घाईघाईनं फोन उचलला.

"रगत कोनं निघनं?"

तिनं सगळं सांगितलं. नारळासकट. खोटं एक अक्षर नाही. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंग आते?"

"साहेब, हवालदार, बठ्ठास्ले नोटीस गयी. आते तारीख तेस्नी शे, भाऊ."