बाजेवरच्या म्हातारीचा आवाज

तारे दाखवायचे तर अंधार हवा, आणि पुण्यात तो उरलाय कुठे? म्हणून आम्ही अंधार पिशवीत भरून नेतो. काळ्या कापडाचा मोठा घुमट आहे आमच्याकडे. पंखा लावला की तो फुगतो आणि सोसायटीच्या हॉलमध्ये भर दुपारी रात्र होते. मुलं कापडी बोगद्यातून रांगत आत येतात. चपला-बूट बाहेर राहतात, मोज्यांचा वास मात्र आत येतो. मधोमध प्रोजेक्टर आणि त्याच्याशेजारी माईक घेऊन मी. आठवडाभर खराडीत सॉफ्टवेअरचं काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी जगभरच्या आकाशाच्या गोष्टी करून दाखवायच्या, असं माझं चाललेलं असतं.

कार्यक्रमात माझा लाडका भाग म्हणजे सप्तर्षी. तेच सात तारे, पण प्रत्येकाला वेगळे दिसले. ग्रीकांना त्यात अस्वल दिसलं. शाप मिळालेली एक सुंदर तरुणी, तिचं झालेलं अस्वल. अरबांना पुढच्या चार ताऱ्यांच्या चौकोनात तिरडी दिसली आणि मागच्या तीन ताऱ्यांत रडत चाललेल्या तीन लेकी. ही गोष्ट मी इतक्या हळू आवाजात सांगते की घुमटात टाचणी पडली तरी ऐकू येईल. आणि तिसरी गोष्ट बाजेची: चौकोन म्हणजे म्हातारीची बाज, तिची खाट, आणि मागचे तीन तारे म्हणजे चोर. ती माझ्या सासूबाईंची.

मी माहेरची शनिवार पेठेतली. म्हणजे कोणी बोलायला लागलं की आधी त्याची चूक ऐकू येते आणि मग माणूस. लग्न करून पुण्याबाहेर मांजरी गावात आले, शेतकऱ्याच्या घरात. घर कसलं, आता फ्लॅटच. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एका इमारतीत आम्ही राहतो. सासूला इथे आत्या म्हणतात, मीही तेच म्हणते. सुरुवातीला आत्या ‘हाय’ आणि ‘न्हाई’ म्हणाल्या की माझ्या तोंडून आपोआप ‘आहे’, ‘नाही’ निघायचं. त्या वाईट वाटून घ्यायच्या नाहीत. ‘तुमच्याकडं तसं, आमच्याकडं आसं,’ म्हणायच्या आणि भाकरी थापायला लागायच्या.

माझी मुलगी झाल्यावर आत्यांना हक्काचा श्रोता मिळाला. शाळा सुटून आली, जेवली, की ती आज्जीच्या कुशीत. माझी नोकरी अशी की पोरीच्या दुपारी आत्यांच्याच. गोष्ट सांगण्याची त्यांची एक रीत होती. ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. प्रत्येक वाक्याला ‘हं’. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. एकदा मी घरून काम करत होते तेव्हा दाराआडून बाजेची गोष्ट पहिल्यांदा ऐकली. एका म्हातारीची बाज होती, चांदीच्या खुरांची. पोरं उसाला पाणी धरायला गेलेली, म्हातारी अंगणात एकटी. तीन चोर आले आणि त्यांनी म्हातारीसकट बाज उचलली. पण म्हातारी जागी होती आणि बोलत होती. ती बोलतेय तोवर बाज खाली ठेवता येत नाही, घेऊन पळताही येत नाही. मग चोर आपले ध्रुवाभोवती फिरतायत, फिरतायत. ‘काय बोलती म्हातारी?’ पोरीने विचारलं. तर आत्या म्हणाल्या, ‘आपली शेतं मोजती. हिरीजवळचं. चिंचंखालचं. वड्याकडचं. कोण राखील, कोण पाणी धरील, आसं.’ आणि पोर म्हणाली, ‘हं.’

विहिरीजवळचं म्हणजे आमच्या समोरचं पार्किंग, हे मला माहीत होतं.

मी आत जाऊन म्हटलं, ‘आत्या, ही गोष्ट मी कार्यक्रमात सांगू?’ त्या लाजल्या. त्यांना लाजताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. ‘आमची गोष्ट? इंग्लिश शाळेतल्या पोरांना?’ आणि मग म्हणाल्या, ‘सांग की. पण नीट सांग हां. आमच्या आईची हाय ती.’

नीट! काय सांगू आता. पहिल्या कार्यक्रमात मी ती नीटच सांगितली. मुलं जांभया द्यायला लागली. अस्वलाला टाळ्या, तिरडीला सन्नाटा आणि बाजेला जांभया. तेवढ्यात एका वाक्याला माझ्या तोंडून म्हातारीचा आवाज निघाला. नाकातला, हेल काढलेला, ‘कोन हाय रं तिकडं?’ घुमट हसून फुटायचा बाकी राहिला. झालं. मंचावर उभं राहणाऱ्याला एकदा हशा मिळाला की तो पुन्हा हवाच असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढच्या खेपेला म्हातारीने कमरेवर हात ठेवला. त्याच्या पुढच्या खेपेला ती चोरांना ‘मुडद्यांनो’ म्हणून शिव्या घालायला लागली. हुंकाऱ्याचंही मी सोंग केलं, सगळ्या मुलांनी एकदम रेड्यासारखं ‘हंऽऽ’ करायचं. शेतं मी काढून टाकली. लांबण लागत होती त्याने.

ग्रीकांची तरुणी शुद्ध बोलते. अरबांच्या लेकी शुद्ध रडतात. विनोदी तेवढी आमची म्हातारी. हे माझ्या तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही, याचीच जास्त लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात खराडीतल्या एका मोठ्या सोसायटीत कार्यक्रम होता. आत्या म्हणाल्या, मला यायचंय. मी ‘कशाला, गुडघे दुखतील’ वगैरे म्हणून पाहिलं. आवाजाबद्दल सांगावं असं मनात आलं होतं, पण म्हटलं, कार्यक्रमच आहे, त्यांनाही हसू येईल. अशा वेळी माणूस स्वतःला किती चटकन पटवतो! आत्यांनी ठेवणीतलं काठाचं पातळ नेसलं. आणि ते पातळ सावरत, दुखऱ्या गुडघ्यांवर रांगत, त्या बोगद्यातून आत आल्या. पोरगी पुढे, त्या मागे. आत आल्यावर तिने आसपासच्या मुलांना सांगून टाकलं, ‘यात माझ्या आज्जीची स्टोरी आहे.’ आत्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

अंधार झाला. अस्वल झालं, तिरडी झाली. मग बाज. आता तरी आवाज बदल, असं मी स्वतःला सांगत होते. देवाशप्पथ सांगत होते. पण समोर शंभरेक मुलं, मागे हौशी पालक, आणि त्या वाक्यावर आलं की जीभ आपली तिकडेच वळते. ‘कोन हाय रं तिकडं?’ हशा. ‘आरं मुडद्यांनो!’ आणखी हशा. आणि त्या हशात माझ्या पोरीचा आवाज, सगळ्यांपेक्षा मोठा, आनंदाने फुटलेला: ‘माझी आज्जी अश्शीच बोलते!’

पालकही हसले. माईक हातात होता आणि पुढचं वाक्य तोंडात होतं. मी ते म्हटलं.

दिवे लागले तेव्हा आत्या पदर सारखा करत होत्या. चेहऱ्यावर हसू होतं. लग्नकार्यात अनोळखी लोकांत बसल्यावर असतं तसं. गाडीत त्या म्हणाल्या, ‘पोरं लई हसली.’ मी ‘हो ना’ म्हटलं. काय हा मूर्खपणा! ‘हो ना’ म्हटलं मी.

दुसऱ्या दिवशी त्या मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, ‘आत्या, माझं चुकलं.’ त्यांनी मान वर केली नाही. ‘त्यात काय चुकलं? लोकांनी हसावं म्हणूनच करतात ना कार्यक्रम?’ सगळं शुद्ध. एकेक शब्द जपून, पाटावर मांडल्यासारखा. मला कोणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, ‘शेतांचं मी परत घालते गोष्टीत.’ त्या म्हणाल्या, ‘राहू दे. शेतं गेली की.’

तेव्हापासून दुपारच्या गोष्टी आटल्या. भांडण नाही, अबोला नाही, आत्यांचं काही तसलं नसतंच. पोर मागे लागली की ‘आईला विचार, तिला छान येतं’ म्हणतात आणि टीव्ही लावतात. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘आईला नाही काही वाटत, तू उगाच मनाला लावून घेतेस.’ त्याची आई, त्यालाच माहीत. की त्यालाही माहीत नाही?

मी आवाज काढून टाकायचा प्रयत्न केला, हेही सांगते, म्हणजे अगदीच दगड समजू नका. एका शाळेत शेतांसकट, सरळ सांगितली गोष्ट. नंतर आयोजक बाई चहा देताना म्हणाल्या, ‘मॅडम, ते गावाकडचं का हो काढलंत? त्यासाठीच तर बोलावलं होतं.’ मी हसून वेळ मारून नेली. त्याच्या पुढच्या कार्यक्रमात म्हातारी पुन्हा कमरेवर हात ठेवून उभी. बोलावणी येतात, लोक तीच गोष्ट मागतात, आणि मी देते. कोणी बळजबरी करत नाही.

परवा रविवारी पोर घरी तापाने पडली होती. फार नाही, पण कुरकुर चाललेली. आत्या तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. ती म्हणाली, बाजेची गोष्ट हवी. आत्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘सांग.’

मला वाटलं, हीच संधी आहे. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि आत्या सांगायच्या तशी सुरुवात केली. हळू, खालच्या आवाजात. अंगण, चांदीची खुरं, उसाला पाणी. चोर आले. म्हातारी शेतं मोजायला लागली, विहिरीजवळचं, चिंचेखालचं. मी आत्यांकडे बघायचं टाळत होते, पण त्या ऐकत होत्या, पट्टी पिळायची थांबल्या होत्या.

‘असं नाही गं,’ पोर म्हणाली. ‘आज्जीसारखं सांग.’

‘हे आज्जीसारखंच आहे, राणी.’

‘नाही! आज्जीची अशी कुठेय? आज्जी अशी सांगते.’ आणि तापलेल्या तोंडाने, नाकात, हेल काढून तिने म्हटलं, ‘कोन हाय रं तिकडं?’ स्वतःच खुदकन हसली. त्या तापात पहिल्यांदाच हसली ती.

आत्याही हसल्या. पट्टी पिळून तिच्या कपाळावर ठेवली, सारखी केली.

‘तस्संच सांग,’ त्या मला म्हणाल्या. ‘पोरीला आवडतं.’

आणि मी सांगितली. त्याच आवाजात, त्यांच्यासमोर बसून, शेवटपर्यंत.