आखाडाचा वाटा

वाळूजच्या ज्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं काम केलं, तिथं गोठवलेलं मांस आणि मासळी तपासायला येई. टिकण्यासाठी मालाला गॅमा किरण दिलेत का, हे बघून किंवा हुंगून कळत नाही. हाड मात्र खूण धरून ठेवतं. हाड स्वच्छ करून वाळवायचं, तुकडे नळीत भरून यंत्रात ठेवायचे. किरण दिलेले असले तर कागदावर ठरावीक जागी रेघ उंच उठते. ताडून बघायला किरण न दिलेलं, खात्रीचं हाड जवळ लागतं.

खात्रीचं मटण मला एकच ठाऊक होतं. आखाडात गावी, पिशोरला, आमची नऊ घरं मिळून बोकड कापत. चुलते पळसाच्या पानांवर नऊ वाटे घालत. आबा, म्हणजे माझे वडील, पाठ करून उभे राहत. “ह्यो कुणाचा?” असं चुलत्यांनी विचारलं की आबा एकेक नाव घेत. तराजू नसे, आणि पदरात पडलेला वाटा कुणी निरखत नसे. नवव्या घराचा, म्हणजे माझा वाटा त्याच दिवशी डब्यातून एसटीनं पुंडलिकनगरला माझ्या घरी येई.

एका वर्षी त्यातली दोन हाडं मी प्रयोगशाळेत नेली. रेघ जवळजवळ सपाट आली. मी आनंदानं फोन केला.

“आबा, तुमचं मटण तपासलं. एकदम चोख निघालं.”

“तपासलंस?”

“व्हय. कामासाठी, नमुना म्हणून.”

“आन् चोख नसतं निघालं, तर पंचायत बसवली असती का आमच्यावर?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“भरवसा होता म्हणूनच तर नेलं, आबा.”

“भरवसा व्हता, तर यंत्र कशाला?”

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते प्रयोगशाळेतलं होतं.

पुढच्या आखाडात डबा आला नाही. रजा टाकून मी पिशोरला गेलो, तर पानं आठच मांडलेली.

“अरं, पोरगं उभं हाय की,” चुलते म्हणाले.

“त्याला जेवायला वाढा,” आबा म्हणाले.

पाहुण्याला बसवतात तसं मला पहिल्या पंगतीला बसवलं. आबांनी स्वतः वाढलं, नळीचं हाड माझ्या ताटात घातलं. “घे की, लाजतो कशाला?” त्यांच्या आवाजात राग नव्हता.

त्यानंतर आबांनी दोनच आखाड पाहिले. दोन्ही वेळा मी गेलो. शेवटच्या वेळी त्यांनी पाठ केली, तेव्हा मी जवळच कान देऊन उभा होतो. आठवं नाव झालं, आणि आबा वळले.