साक्षीदाराचं काम

आमच्या मारेगावातल्या गल्लीतले एकुलते एक टेलर कधीच सरळ उत्तर देत नाहीत. कपडे कधी मिळतील विचारलं, की दातात टाचणी धरून "पाहू" म्हणतात. यंदा गावच्या नाटकात त्यांना सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष देणाऱ्याचं काम मिळालं होतं.

तालमीत नाटक बसवणारे मास्तर चिडले, "टेलर, एवढे डगमगता काहून? ताठ उभं राहून खरं सांगा, नाही तं काम दुसऱ्याले देतो."

"द्या मंग. ज्याले खोटं बोलावंसंच वाटत नाही, त्याच्या खऱ्याचं काय कौतुक?"

काम त्यांच्याकडेच राहिलं. प्रयोगात ते पिंजऱ्यात इतका वेळ गप्प राहिले, की मागून कोणीतरी ओरडलं, "वाचव ना बे, भाऊ हाये तुहा!"

मी व्यवहारात चोख माणूस, पण त्या क्षणी मलाही वाटलं, यानं खोटं बोलावं. टेलर खरं बोलले. मग पिंजऱ्यातून खाली उतरून आरोपी भावाच्या पायाशी बसून राहिले. ते नाटकात लिहिलेलं नव्हतं.