शेरूने खाल्लेलं वाटाप

"डॉक्टरांनू, शेरून वाटपाचो टोप चाटून काढल्यान! तोंडातसून लाळ गळता. तिखट लागला असतला. काय करू?"

फोनवर शालनताई होत्या. शेरू त्यांचा कुत्रा. तोंडवलीला त्या पर्यटकांसाठी खानावळ चालवतात. मी सरकारी पशुवैद्य. त्या वेळी मसुऱ्यात लसीकरण कॅम्पवर होतो. समोर गायींची रांग. मी 'तिखट' तेवढंच ऐकलं.

"दूध नको. भरपूर पाणी ठेवा, दोन दिवस मऊ भात द्या. तिखटाने काही होत नाही," म्हणालो आणि फोन ठेवला.

मिरचीपुरता सल्ला बरोबर होता. मिरचीने कुत्र्याचं तोंड पोळतं, जुलाब होतात, मग तो सावरतो. पण वाटाप म्हणजे भाजलेलं खोबरं आणि कांदा, तेही वीस माणसांच्या जेवणाचं. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ते दिसायला तीन-चार दिवस जातात. लगेच आणला असता तर इंजेक्शनने उलटी करवून पोट रिकामं करता आलं असतं.

चौथ्या दिवशी नवरा-बायको शेरूला रिक्षातून दवाखान्यात घेऊन आले. हिरड्या पांढऱ्याफटक. लघवी कोऱ्या चहासारखी. मला सगळं कळलं. तरी तोंडातून निघालं, "इतक्या उशिरा आणतात का?"

नवरा बायकोवर उखडला. "तुका शंबर वेळा सांगलंय, टोप उघडो ठेवू नको!"

"चूक माझीच," शालनताई खाली मान घालून म्हणाल्या.

मी सलाईनची बाटली काढायला वळलो.

सलाईन लावलं. त्यांच्या दिराच्या धडधाकट कुत्र्याचं रक्त शेरूला चढवलं. शालनताई रोज येऊन त्याच्यापाशी बसायच्या, जाताना माझे आभार मानायच्या. मी मान हलवायचो. उपचारांच्या पाचव्या दिवशी शेरू उठून जेवला. मला धीर आला तोही तेव्हाच.

"ताई, तुम्ही वाटाप म्हणाला होता. मी नीट ऐकलं नाही. त्याच दिवशी घेऊन या म्हणायला हवं होतं. चूक माझी."

त्यांनी शेरूच्या पाठीवरून हात फिरवला.

"ह्यां तेवा माझ्या घोवाफुडे सांगूचा होता, डॉक्टरांनू. पाच दिस घरात माझ्याशी कोण बोलाक नाय."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं. तो "बरा" एवढंच म्हणाला. चहा कोणी विचारला नाही.

शालनताई आता शेरूला कुडाळला दुसऱ्या डॉक्टरकडे नेतात. योग्यच आहे. मी फोनवर आधी विचारतो: काय खाल्लं, त्यात कांदा-लसूण किती, कधी खाल्लं? या तीन प्रश्नांना एक मिनिटसुद्धा लागत नाही.