हळद पुसणारा कॅमेरा

नवा कॅमेरा आला त्या दिवशी माझ्या भागीदारानं त्याला हार घातला. लेन्सला कुंकू लावायला निघाला तेव्हा मात्र मी त्याचा हात धरला. शेवटी कुंकू खोक्याला लागलं, नारळ पायरीवर फुटला आणि शेजारच्या चहावाल्यापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांना पेढे मिळाले. इतकं कौतुक त्यानं स्वतःच्या मुलाच्या दहावीच्या निकालाचं केलं नव्हतं.

आमचा स्टुडिओ धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत आहे. मागच्या भिंतीला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, त्यामुळे आमच्याकडे कुणी हळू बोलत नाही. भागीदार फोटो काढतो. मी काउंटर आणि अल्बम सांभाळतो आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा पुस्तक वाचतो. एवढ्यावरून नाक्यावर मला 'मास्तर' म्हणतात. शाळेत मी फक्त शिकायला गेलो होतो, तेही जेमतेम. भागीदाराला मी 'शेठ' म्हणतो. मी थट्टेनं म्हणतो, तो ते खरं धरतो.

कॅमेरा बाजारात आल्याआल्या शेठनं मागवला. मग पार्सल कुठवर आलं हे तो दर तासाला मोबाईलवर बघायचा. ते आमच्याच भिवंडीतल्या कुठल्याशा गोदामात येऊन पडलं होतं. अर्ध्या देशाचं सामान आमच्या गोदामांत पडून असतं, तसंच. चालत जाऊन आणता आलं असतं, पण तशी सोय नसते. ते आधी दुसरीकडे गेलं आणि मग आमच्याकडे परत आलं.

"मास्तर, मिररलेस आहे," शेठ म्हणाला. "आत आरसाच नाही."

जुन्या कॅमेऱ्यात आरसा असायचा. बटण दाबलं की तो वर उचलला जायचा आणि खटकन आवाज यायचा. नव्यात तो काढून टाकलेला आहे. एखादी गोष्ट काढून टाकायची आणि त्याबद्दल जास्त पैसे घ्यायचे, ही रीत मी याआधी फक्त साखर नसलेल्या बिस्किटांत पाहिली होती.

शेठनं या कॅमेऱ्याबद्दलचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. ज्यांना तो कंपनीकडून फुकट वापरायला मिळतो, असे लोक त्यात दिसतात. ते बहुधा एकाच बागेत जातात, आपल्या बायकोला एकाच झाडाखाली उभी करतात आणि तिच्या पापण्या मोजता येतात म्हणून गहिवरतात. आमच्याकडे बाग नाही. आम्ही तो नाक्यावर नेला.

या कॅमेऱ्याचा मोठा गुण असा सांगितला होता की तो माणसाचा डोळा आपोआप हुडकतो. हुडकला खरा. समोर आमचा चहावाला छान हसून उभा होता, मागे कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर होता. बॅनरवर शुभेच्छुकांचे इतके चेहरे, की त्यांत वाढदिवस कुणाचा हे कळू नये. कॅमेऱ्यानं चहावाल्याला बाजूला ठेवलं आणि खालच्या ओळीतल्या एका तालुका उपाध्यक्षाचा डोळा अचूक पकडला. चहावाला पुढे धूसर. त्यानं फोटो बघितला आणि म्हणाला, "राहू दे शेठ, त्यांचा वट जास्त आहे."

दुसरा त्रास आवाजाचा. म्हणजे आवाज नसण्याचा. गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं, श्वास रोखून धरायचं आणि तसंच राहायचं.

"काढा ना."

"काढला."

"कधी? खटका तर झाला नाही."

एका बाईंनी पैसे देण्यापूर्वी खटका ऐकवायचा हट्ट धरला. तेव्हा शेठनं मेनूत शोधून खोटा खटका चालू केला. आरसा काढून टाकायचा आणि मग त्याची नक्कल स्पीकरमधून वाजवायची. त्या मेनूत पृथ्वीवरच्या पुष्कळ भाषा आहेत, मराठी नाही. आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की आतला, फोटो टिपणारा सेन्सर थेट उघडा पडतो, आणि आमच्या गल्लीच्या हवेत कापूस उडत असतो. पहिल्या आठवड्यातच प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात एक बारीक केस दिसू लागला. शेठनं तो आधी गिऱ्हाइकाचा समजून पुसला.

पण पुढचं जे झालं त्याची सुरुवात लूमवरच्या एका कामगारामुळे झाली. त्याला गावी पाठवायला फोटो हवा होता. कॅमेऱ्यानं त्याच्या तोंडावरचं छिद्र न् छिद्र टिपलं. त्यानं फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मास्तर, ये मैं हूँ कि मेरे अब्बा?"

शेठला ते लागलं. त्यानं दुपारभर मेनूत डोकं घातलं आणि कातडी मऊ दाखवायची सोय सापडल्यावर ती शेवटच्या टोकापर्यंत सरकवली. रंगाचं कामही कॅमेऱ्याच्याच अकलेवर सोडलं. "आता आपण फक्त बटण दाबायचं," तो म्हणाला. त्या दिवसापासून आमच्याकडे येणारी सगळी माणसं नुकतीच सोललेल्या अंड्यासारखी दिसू लागली, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना ते आवडलं.

अशा तयारीनं आम्ही अंबाडी रस्त्यावरच्या एका गावात हळदीला गेलो.

नवरीचे वडील आमचे जुने गिऱ्हाईक. शेतावर त्यांनी गाळे बांधून भाड्यानं दिले आहेत, आणि मुलगी त्यांतल्याच एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होती. नवऱ्याचं गाव जवळच, रिक्षानं जावं इतकं. हळद दुपारची होती. मांडव पिवळा, मांडवाचे पडदे पिवळे, बायकांच्या साड्या पिवळ्या, झेंडूच्या माळा, खुर्च्यांना बांधलेल्या रिबिनी, करवल्यांचे फेटे, सगळं पिवळं. डीजेवालासुद्धा पिवळ्या सदऱ्यात होता.

त्या भागातली रीत अशी की आधी नवऱ्याला हळद लागते, आणि त्याच्या वाटीत उरलेली, म्हणजे उष्टी हळद, वाजतगाजत नवरीकडे येते. तीच नवरीला लावायची. घरात पोतंभर हळद असली तरी पहिला हात त्या वाटीतल्या हळदीचा. ती बाजूला सारणं म्हणजे सासरच्यांच्या तोंडावर दार लावणं. यात एक जुनी कुरबूर होती. साखरपुड्यात नवरीच्या मावशीनं सहज सांगितलं होतं, की आमच्या पोरीच्या कातडीला हळद सोसत नाही, तेव्हा नावालाच लावू. नवऱ्याच्या आईनं ते ऐकून घेतलं होतं. विसरली मात्र नव्हती.

शेठ नवरीच्या वडिलांना म्हणाला, "दादा, नवीन मशीन आहे. इथं फोटो काढला की मोबाईलमध्ये जातो, तिथून सरळ दोन्ही घरांच्या ग्रुपवर. इथं हळद लागली की तिकडे विहीणबाई बघणार."

"लाव मंग," दादा म्हणाले. "बगू दे त्यांना."

उष्टी हळद आली. बायकांनी ती नवरीच्या कपाळाला, गालाला, मानेला, हाताला, पायाला भरपूर चोपडली. मी समोर उभा राहून पाहिलं आहे, मुलगी मूर्तीसारखी पिवळी झाली होती. शेठ खोटा खटका वाजवत फोटो काढत होता आणि फोटो एकामागून एक नवऱ्याच्या घरी पोहोचत होते.

थोड्या वेळानं दादांचा फोन वाजला. ते मांडवाबाहेर जाऊन बोलले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, फोटो दाखव."

मी शेठच्या मोबाईलवर पाहिलं. फोटोत नवरी गोरीपान होती. पडदे मळक्या पांढऱ्या रंगाचे, झेंडू फिकट, आणि मुलीच्या तोंडावर हळदीचा मागमूस नाही. इतकं पिवळं एका जागी दिसल्यावर कॅमेऱ्यानं आपल्या बुद्धीनं ठरवलं होतं की हा उजेडाचा दोष आहे, आणि तो दूर केला होता. उरलंसुरलं कातडी मऊ करण्यात गेलं.

"नवऱ्याची आत्या फोनवर होती," दादा म्हणाले. "बोलते, आमची हलद कुठं टाकलीत? पोरीला काय पावडर लावून बसवलीय काय? मी बोललो, अवो लावलीय, माज्या डोल्यासमोर लावलीय. ती बोलते, मंग फोटो खोटं बोलतो काय?"

फोटो खोटं बोलत नाही, या एका समजुतीवर आम्ही आजवर जेवलो आहोत.

"दोन मिनिटं द्या दादा," शेठ म्हणाला आणि लॅपटॉप उघडून रंग दुरुस्त करायला बसला. मी म्हटलं, "शेठ, पाठवू नकोस." पण त्यानं पिवळा रंग चढवला, आधी बेतानं आणि मग रागानं, आणि पाठवला. आता नवरीचे दातही पिवळे होते. फोन पुन्हा वाजला. या वेळी दादांनी तो कानापासून लांब धरला, त्यामुळे आत्या आम्हालाही ऐकू आली.

"आता कम्प्युटरवर रंगवली वाटतं. तेवढी अक्कल हाय आमाला. आनि वैनी सगलं ऐकतेय हां, हितंच बसलीय."

वहिनी म्हणजे नवऱ्याची आई. ती स्वतः फोनवर आली नाही, याचीच दादांना जास्त भीती वाटली.

"दुसरा काढतो, मोबाईलनं," शेठ म्हणाला.

"एक फोटो पाठवायचा न्हाय आता." दादांचा आवाज चढला नाही. "माजी पोर उद्या त्या घरात जाल. ती म्हातारी होईपर्यंत तिला ऐकवतील, तुज्या बापानं आमची हलद फेकली. तुजा कॅमेरा जाल ऐकायला?"

शेठनं काहीतरी सेटिंगचं नाव घेतलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

हळद लागलेल्या नवरीनं घराबाहेर पडायचं नसतं, त्यामुळे मुलीला नेऊन दाखवता येत नव्हतं. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी विहीण या दारात यायची तर तिला बोलवायला माणसं जातात, पुढे बाजा लागतो, ओवाळावं लागतं, साडी द्यावी लागते. या सगळ्यात कोण पुढे, कोण मागे, यावरून नवी भांडणं होतात. दादांनी त्यातलं काही केलं नाही. डीजेला हात करून बंद करायला लावलं, फोन उचलला आणि म्हणाले, "विहीणबाईंना सांगा, येऊन पोर बगा. आताच्या आता या. बाजा मागू नका."



ऊन उतरायच्या सुमाराला एक रिक्षा मांडवाशी थांबली आणि नवऱ्याची आई एकटी उतरली. आत्याला तिनं आणलं नव्हतं. तिचे स्वतःचे हातपाय हळदीनं माखलेले होते. मुलाला लावून तशीच निघाली असावी. दादांकडे न बघता ती सरळ आत गेली. नवरीची आई ओवाळायला ताट घेऊन धावली, तर तिला म्हणाली, "ठेव ते. पोर कुठंय?"

मुलगी पाटावर बसली होती. बाईनं तिच्यासमोर बसून तिची हनुवटी वर केली. गालावरची हळद वाळून भेगा पडल्या होत्या. बाईनं नखानं थोडी खरवडली आणि वास घेतला. मग मुलीची वेणी बाजूला करून मान पाहिली आणि तिथंच थांबली.

मान लाल झाली होती, चट्टे उठले होते, कानामागे तर बारीक फोड आले होते. मुलगी दुपारपासून तशीच बसून होती. पहिल्याच फोनची भानगड तिच्या कानावर गेली होती, त्यामुळे धुवायचं म्हटलं तर संशय पक्का होईल, म्हणून तिनं तोंड उघडलं नव्हतं. शेठच्या सगळ्या फोटोंत ती मान चंद्रासारखी होती. कॅमेऱ्यानं हळद पुसली, तशी आगही पुसली होती.

"कवापासून होतंय गं?"

"लावल्यापासून."

"मंग बोलली का न्हाय?"



बाई नवरीच्या आईकडे वळली. "तुमची बहीन साखरपुड्यात खरं बोलत होती तर. मना वाटलं नखरा हाय. आनि तुमी तरी कशा? माजी हलद हाय म्हनून पोर भाजून काडायची काय? पानी आना."

"विहीणबाई, लगेच धुतात का पन," दारातली एक म्हातारी म्हणाली. "उष्टी हलद हाय."

"माजीच हाय ना? मी धुते. कुनाला काय बोलायचं असल तर माज्या घरी येऊन बोला."

तिनं मुलीची मान, गाल, हात स्वतःच्या हातानं धुतले आणि खोबरेल मागून लावलं. फक्त कपाळावर आणि पावलांवर तेवढी हळद ठेवली. दादा उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांना आत यायचं होतं आणि येता येत नव्हतं. तिनं तिथूनच त्यांना सांगितलं, "बाजा चालू करा आता. आनि ननंदेला मी बगून घेते."

नेमक्या या वेळी शेठ कॅमेरा घेऊन पुढे सरकला. असा क्षण पुन्हा मिळत नाही, असं व्हिडिओतली माणसं सांगतात. त्यानं डोळा लावला आणि कॅमेऱ्यातून खोटा खटका आला.

बाईनं मान वळवली. "ह्योच काय तो?"

"हो मावशी. नवीन आहे."

"पोरीच्या मानेचा काडलास?"

"त्यात ते दिसणार नाही मावशी," शेठ समजावणीच्या सुरात म्हणाला. "एकदम क्लीन येतं."

"मंग कशाला काडतोस?" असं म्हणून ती पुन्हा मुलीच्या कानामागे तेल लावू लागली.